देगीला कोणी साक्षीला बोलावले नाही

मित्रांनो, मी एक जुनी देग आहे. तांब्याची, भल्या मोठ्या पोटाची, दोन्ही अंगांना जाड कड्या असलेली. ज्यांनी मला पाहिले नसेल त्यांनी एवढेच समजावे, की ज्या भांड्यात अख्ख्या वऱ्हाडाचे जेवण एका दमात शिजते आणि जे घासायला बायकांना कमरेपर्यंत आत वाकावे लागते, ते भांडे म्हणजे मी. देवाने मला तोंड मोठे दिले, पण जीभ दिली नाही. याचे दुःख मला आधी नव्हते. भांड्याने बोलायचे कशाला, असेच मलाही वाटायचे.

माझा जन्म धुळ्याचा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण कुठले, पण देगपण मात्र चांगले आले. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या वरच्या अंगाला तडव्यांची एक वस्ती आहे. तिथल्या पंचांनी वर्गणी करून मला नेले, ते आजतागायत मी तिथलीच आहे. तडवी म्हणजे मूळचे भिल्ल आणि धर्माने मुसलमान. ते नमाज पढतात, डोंगरातला मोह वेचतात, पावसाच्या भरवशावर कोरडवाहू जमीन कसतात आणि खालच्या गावांत केळीच्या बागांवर मजुरीला जातात. नावेही तशीच सरमिसळ असतात. कोणी सुका, कोणी पुना, कोणी बिऱ्हाम, तर कोणी मेहरबान.

मशिदीला लागून जमातीची एक खोली आहे. तिच्या कोपऱ्यात मी असते आणि पंच तिथेच बसतात. त्यामुळे वस्तीतले एकही भांडण मला चुकले नाही. कोणाच्या घरी लग्न निघाले की चार जण मला उचलून नेत, चुलाणावर चढवत आणि पुनाभाऊ नावाचा आचारी माझा ताबा घेई. पुनाभाऊ माझ्याशी फार प्रेमाने वागे. वाढून झाले की लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे आणि तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

आमच्या वस्तीचा एक रिवाज आहे, तो मला सांगितलाच पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावरून घडले. देगीतली पहिली थाळी नवरदेवाला नाही, काझीला नाही आणि पंचांनाही नाही. वस्तीतले जे माणूस म्हातारपणामुळे खाटेवरून उठू शकत नाही, त्याला ती घरपोच जाते. ज्या घरचे कार्य असेल त्या घरच्या थोरल्या सुनेने ती न्यायची. ती पोचल्यावरच बाकीची ताटे भरायची. मला या रिवाजाचा भारी अभिमान होता.

रेशमा ही मेहरबानची बायको. शेजारच्या गावातल्या सुका तडवींची ती एकुलती मुलगी. सुकाआबांच्या गावाला देग नाही, म्हणून तिच्या निकाहाला मला टेम्पोत घालून तिकडे नेले होते. हळदीच्या हातांनी तिने माझ्यात वाकून पाहिले आणि म्हणाली, "अगं माय, हिची तर कल्हई गेलेली हाये!" सून होऊन वस्तीत आल्यावर ती पंचांच्या मागेच लागली. देगीला कल्हई करा, नाहीतर तांबे लागून अन्न कळकेल, एखाद्या दिवशी अख्खे वऱ्हाड आजारी पडेल. शेवटी वैतागून पंचांनी वरणगावहून कल्हईवाला आणला. नवसागराचा धूर झाला, आतून कथील फिरले आणि मी पुन्हा चांदीसारखी लखलखले. इतक्या वर्षांत माझ्या पोटाची काळजी करणारी ती पहिलीच. मला ती आवडायची, हे मी उघडच सांगते.

मेहरबान केळीचा टेम्पो चालवायचा. पोरांची नावे ठेवताना आईबाप मोठ्या आशेने ठेवतात, पुढे पोरे काय करतील त्याला नाव काय करणार! तसा तो वाईट नव्हता. फक्त चारचौघांत आपला शब्द खाली पडू नये, एवढीच त्याला खोड होती. त्या खोडीने घर बुडाले.

मेहरबानच्या बहिणीचे लग्न होते. चैत्राचे ऊन, दारात मंडप, मी चुलाणावर. भात शिजला, दम बसला, पुनाभाऊने निखारे खाली ओढले. रेशमा पहिली थाळी घ्यायला आली. थाळी जायची होती भिकुबाईकडे. भिकुबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचे पाय गेलेले, तोंड मात्र शाबूत. तेवढ्यात मेहरबान आपल्या टेम्पोवाल्या दोस्तांना घेऊन आला. त्यांना गाड्या भरायला परत जायचे होते.

"आधी आमची ताटं भर," तो म्हणाला.

"भिकुआजीची थाळी जाऊ द्या ना. येऊन लगेच वाढते मी."

"आठी मंडपात माणसं उभी हायेत, ती म्हातारी कुठी पळून जाऊ राह्यली का?"

रेशमाने माझ्या झाकणावर हात ठेवला. "रिवाज हाये," एवढेच म्हणाली. त्यावर एक दोस्त फिस्सकन हसला आणि म्हणाला, "मेहरबानभाऊ, घरात कोनाचं चालते ते समजलं आपल्याले." मित्रांनो, ते हसू तिथे झाले नसते, तर आज मी तुम्हाला फक्त भाताच्या गोष्टी सांगितल्या असत्या. मेहरबानचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला आणि त्याने तो शब्द उच्चारला. तलाक. एकदा, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा. माझ्या तोंडाशी उभा राहून, भर मंडपात, खणखणीत आवाजात.

कांदे चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. मेहरबानची आई जैतूनबाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसली होती. पुनाभाऊ उलथने घेऊन उभाच राहिला. दोस्त गुपचूप मंडपाबाहेर सरकले. रेशमाने झाकण उघडले, पहिली थाळी भरली, पदर सारखा केला आणि ती थाळी भिकुबाईला देऊन आली. परत आली तेव्हा जैतूनबाईने तिची पिशवी उंबऱ्याबाहेर आणून ठेवली होती. जेवणे मात्र झाली. माझ्यातला भात शेवटच्या शितापर्यंत संपला, याची मला अजून लाज वाटते.

सुकाआबा लग्नाला पाहुणे म्हणून आलेच होते, पण तेव्हा ते मशिदीकडे बसले होते, तो शब्द त्यांच्या कानांनी ऐकला नव्हता. सरळ माणूस, मान खाली घालून चालणारा. त्यांनी भांडण केले नाही, पंच बोलावले नाहीत. शब्द तोंडातून गेला म्हणजे गेला, एवढेच त्यांना ठाऊक. लेकीला घरी नेले आणि धर्माला धरून तिला इद्दतीला बसवले. इद्दत म्हणजे तलाकानंतर बाईने तीन महिने घरात, परक्या पुरुषाच्या नजरेआड राहायचे. रेशमा बसली. बाप म्हणाला म्हणून बसली आणि आपल्या हातून काही चुकू नये म्हणूनही बसली. आमच्या लोकांची ही गोष्ट पाहा. ज्याने मोडले तो टेम्पो घेऊन बाजारात, आणि जिचे मोडले ती नियम पाळत अंधारात.

इद्दत संपल्यावर त्यांच्या गावच्या अंगणवाडीतल्या ऋतिकाताईंनी तिला तालुक्याला ज्योत्स्ना वकीलबाईंकडे नेले. तिथे तिला जे कळले ते दुसऱ्याच दिवशी आमच्या वस्तीत पोचले आणि माझ्या खोलीत एकच कालवा झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने असा एका दमातला तलाक रद्द ठरवलेला आहे. त्यानंतर कायदाही झाला आहे. तीनदा म्हणा की तीनशेदा म्हणा, तलाक होतच नाही. उलट म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"म्हणजे आता नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस येतीन?" एक तरुण उसळला. "बाकीच्या लोकांत बायको टाकली तर कोनी जेलात जात नही. आपल्यालेच काहून?"

"बाकीच्या लोकांत तीन शब्दांत बाई बाहेर पडत नही," पुनाभाऊ हळूच म्हणाला.

"अन् नवरा जेलात गेला तर तिले खर्ची कोन देईन? जेलातून मनिऑर्डर येते का?"

हे बोलले बिऱ्हामनाना. ते आमच्या पंचांतले मोठे. माणूस दुष्ट नव्हता. खालच्या एका गावात असा खटला होऊन पोरगा आत गेला होता आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला दोन वेळचे मिळेनासे झाले होते, ते त्यांनी पाहिले होते. कोर्टाने धर्मात हात घालावा की नाही, असा तलाक पाप असला तरी तो झालाच नाही असे म्हणता येते की नाही, यावर चहाच्या तीन किटल्या रिकाम्या झाल्या. समोरच्या घरातून खाटेवरची भिकुबाई ओरडली, "अरे मुडद्यांनो! आपल्यात आधी पंच बसायचे, दोघायले समोर बसवायचे, समजूत घालायचे. एका दमात तोडायचं हे तुम्ही कोनापासून शिकले?" नानांनी पोराला दार लोटायला सांगितले.

रेशमाने फिर्याद दिली. एक हवालदार पंचनाम्याला आला. त्याने मंडपाची जागा पाहिली, चुलाण पाहिले आणि खोलीत येऊन माझ्यावर काठी आपटली. "हीच का ती देग?" मी मोठ्याने वाजले. माझ्या परीने मी साक्षच दिली म्हणा ना. त्याने कागदावर लिहिले, तांब्याची देग एक, आणि तो चहा प्यायला गेला.

कोर्टात काय झाले ते मी पुनाभाऊच्या तोंडून ऐकले. तालुक्याहून परतल्यावर तो घरी न जाता माझ्यापाशी येऊन बसला होता. बिऱ्हामनानाही होते. मेहरबानने शपथेवर सांगितले, मी तो शब्द बोललोच नाही, बायको रुसून स्वतःहून गेली. जैतूनबाई म्हणाली, मी कांदे चिरत होते, मला काही ऐकू आले नाही. दोस्त तर आलेच नाहीत.

"अन् तू?" नानांनी विचारले.

"मी म्हटलं, मी जाळाकडे पाहू राह्यलो होतो."

"चांगलं केलं. जमातीचं पोरगं वाचलं."

"नाना, मी भात शिजवणारा माणूस हाये. जाळ तर मी कवाच खाली ओढला होता," पुनाभाऊ म्हणाला आणि डोक्याचे फडके काढून तोंड पुसू लागला. त्याचा मला राग आला आणि कीवही आली. वस्तीने त्याला बोलावले नाही तर त्याची चूल कशावर पेटणार? पण राग आला हे खरे.

मग मेहरबानच्या वकिलांनी सुकाआबांची उलटतपासणी घेतली. मुलीला इद्दतीला कोणी बसवले? आबा खोटे बोलत नाहीत. म्हणाले, मीच. मेहरबानने सांगितले होते का? नाही. कोणी लिहून दिले होते का? नाही. म्हणजे तलाक झाला हे तुम्हीच ठरवले? ज्योत्स्नाबाईंनी जीव तोडून सांगितले, की काहीच घडले नसते तर मुलगी इद्दतीला बसलीच कशाला असती! पण ऐकणारे साक्षीदारच बहिरे झाल्यावर एकट्या रेशमाच्या शब्दावर किती भार पडणार? संशयाचा फायदा मिळून मेहरबान सुटला. वस्तीत पेढे वाटले गेले.

त्यानंतरच्या जुम्म्याला, नमाज आटोपल्यावर, रेशमा बापाबरोबर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पंच बसलेले होते, मेहरबानही होता.

"नाना, कोर्टात हे म्हणाले, तलाक दिला नही," ती म्हणाली. "मग मी यांची बायको हाये. मले माह्या घरी जाऊ द्या."

बिऱ्हामनानांनी दाढीवरून हात फिरवला. "पोरी, कोर्टातलं कोर्टात. आपल्या सगळ्यायले माहीत हाये काय झालं ते. तू इद्दत बसली. बसली म्हणजे मानलं ना तू? आता त्याच्या घरात तुले ठेवणं हराम हाये."

"मग हे तुम्ही कोर्टात येऊन सांगा."

मेहरबान मोबाइलकडे पाहत होता.

"सांगा ना नाना. आठी बोलले तेच तठी बोला."

"तठी बोललं तर पोरगं जेलात जाईन."

"अन् नही बोललं तर मी कुठी जाऊ?"

सुकाआबांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल बेटा." मित्रांनो, त्या वेळी मला फुटावेसे वाटले. पण तांबे फुटत नाही, फार तर त्याला पोचा पडतो.

तरीही रेशमाने हार मानली नव्हती. वर्षभराने तिला एक स्थळ आले. वरणगावच्या कारखान्यात नोकरीला असलेला, बायको वारलेला, समजूतदार माणूस. तो तिला पाहायला आला तेव्हा तिने त्याला सगळे सांगितले आणि तो म्हणाला, यात तुमचा काय दोष? सुकाआबा निकाहासाठी मला मागायला आले होते. कित्येक दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले. माझ्या पोटावर थाप मारून म्हणाले, "चाल व, तुले पुन्हा माह्या दारी यायचं हाये."

मी वाट पाहत राहिले. टेम्पो आलाच नाही. आबा आले, तेही चेहरा टाकून. ज्योत्स्नाबाईंनी सांगितले होते, घाई करू नका. तीन शब्दांनी तलाक होत नाही असे कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याने रेशमा अजून मेहरबानचीच बायको. तिने दुसरा निकाह केला तर गुन्हा तिच्यावर. आधी कोर्टातून रीतसर फारकत घ्यावी लागेल, त्याचा दावा वेगळा, त्याला किती वर्षे लागतील सांगता येत नाही. आबा काझींकडे गेले, खुला द्या म्हणाले. खुला म्हणजे बायकोने मागून घेतलेली फारकत. काझी म्हणाले, जमातीच्या हिशेबाने तलाक होऊन गेला आहे, जे तुटलेच आहे ते मी पुन्हा कसे तोडू? कारखान्यातला माणूस काही महिने थांबला. मग त्याने दुसरीकडे सोयरीक केली. त्याला तरी मी काय म्हणू!

कायदा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तो नव्हता त्या काळातही मी होते. तेव्हा तीन शब्दांवर घराबाहेर पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना तर जाब विचारायला दारही नव्हते. रेशमाला दार मिळाले. ती त्यातून आत गेली आणि पलीकडे भिंत निघाली. ती भिंत कागदाची नव्हती, आपल्याच माणसांची होती. कोर्टात ती बायको आहे, वस्तीत ती कोणीच नाही. आता ती बापाच्या घरी आहे, सकाळी केळीच्या बागेत मजुरीला जाते आणि वकीलबाईंकडे दाव्याची तारीख विचारायला जाते.

मागच्या उन्हाळ्यात मेहरबानचा दुसरा निकाह झाला. त्याला कोणाची परवानगी लागली नाही. त्याच्या दारात जेवण ठरले आणि चौघे मला उचलायला आले. मला जायचे नव्हते. पण देगीला कोण विचारतो? पुनाभाऊ आला नाही, आजारी आहे म्हणाला. दुसरा आचारी आणला. माझी कल्हई पार उडालेली होती, ती कोणी पाहिली नाही. घाईघाईने शिजवले, घाईघाईने वाढले. मी शिजवून दिले. दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सून मला घासायला बसली. कोवळी पोर, हातांवर मेंदी, चिंच आणि राख घेऊन माझ्यात कमरेपर्यंत वाकलेली. जैतूनबाई शेजारी पाणी ओतत होती. आसपास कोणी नव्हते. पोरीचा हात मध्येच थांबला. तिने मान न वळवता विचारले,

"मावशी, ते पहिलीले... आठीच बोलले होते का?"

जैतूनबाईने इकडेतिकडे पाहिले. कोर्टात जिला काहीच ऐकू आले नव्हते, त्या बाईने तांब्या खाली ठेवला आणि माझ्या काठावर बोट टेकवले.

"आठीच. या देगीजवळ. तिन्ही डाव, खणखणीत," ती म्हणाली. "म्हणून सांगते, पोरी. त्याच्या दोस्तांसमोर तू तोंड उघडू नको."

पोरीने राखेची मूठ घेतली. पुन्हा घासू लागली, पण तिचा हात आता फार हळू चालत होता. जे कोर्टाला कोणी सांगितले नाही, ते मी असे सकाळच्या उन्हात स्पष्ट ऐकले. आणि ऐकून तिथेच बसून राहिले.

मित्रांनो, मला कल्हई करा असे मी तुम्हाला सांगत नाही. जमले तर करा, नाही तर मोडीत घाला, मी पुरेशी जगले आहे. मागणे एकच आहे. तुम्ही मोठे व्हाल, मंडपात बसाल, तुमच्या देखत कोणावर तरी असे काही कोसळेल. त्या वेळी तुम्हाला दुसरे काहीच करता आले नाही, तरी कोणी विचारले तर निदान, "हो, मी ऐकले," एवढे म्हणा.